बोहनी होईस्तोवर

रिंग समोर मोकळी होती. मध्ये माणूस नव्हता, कुणाचा उगारलेला हात नव्हता, आणि धम्मानंदनं चेंडू दुसऱ्याला देऊन टाकला. एवढंच झालं. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर, थंडीतल्या एका साध्या संध्याकाळी, गंगाखेडच्या पोरांशी चाललेल्या साध्या बास्केटबॉलच्या सामन्यात एका माणसानं दुसऱ्याला चेंडू दिला. या खेळात माणसं त्याहून वेगळं फारसं काही करत नाहीत. पण पायरीवर उभ्या असलेल्या बन्सीधरला ते पटेना. त्यानं चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, परत घातला. तोवर तो दुसरा, म्हणजे अमृत, चेंडू रिंगमध्ये टाकून परतही फिरला होता. टाळ्या झाल्या. जेवायच्या वेळी न सांगता पाहुणे आले की यजमानाच्या चेहऱ्यावर जेवढा आनंद दिसतो, तेवढा आनंद त्या टाळ्यांत होता. शेजारी रामहरी गुरुजी उभे होते. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, पण ते मान्य करत नाहीत. "टाकला का त्यानं?" त्यांनी विचारलं. "न्हाई." "मग?" "दिला." गुरुजी म्हणाले, "हं." आणि दोघंही उभेच राहिले. उभं राहणं भाग होतं. अजून बोहनी झाली नव्हती.

ही बोहनी बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगायला जावं तर तो आधी हसतो, मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि विषय बदलतो. पूर्णा जंक्शन संघाच्या सामन्यात पहिला बास्केट धम्मानंदचा, तोही उडी मारून, हवेत असताना टाकलेला. आणि तो पडेपर्यंत पायऱ्यांवरच्या कुणी बसायचं नाही. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. धम्मानंद नुकताच सिग्नल खात्यात लागला होता तेव्हा त्याच्या पहिल्याच सामन्यात लोक बुडाखालची धूळ रुमालानं झटकत होते, तेवढ्यात त्यानं पहिला बास्केट टाकला. पुढच्या सामन्याला लोकांनी विचार केला, आता टाकेलच तो, मग कशाला बसा. त्यानं टाकला आणि लोक बसले. तिसऱ्या सामन्याला हीच रीत झाली, आणि पाचव्या सामन्याला ती वाडवडिलांपासून चालत आलेली झाली. पुढं तिच्यात पोटनियम आले. फाऊल झाल्यावर मिळालेला फुकटचा टाक बोहनीत धरायचा नाही, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून लांबून टाकलेलाही नाही, असा निकाल रामहरी गुरुजींनी दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक असताना त्यांनी इतके ठाम निकाल कधी दिले नव्हते. आणि कुणाला त्याची अडचणही नव्हती, कारण उभं राहणं म्हणजे मिनिटभराचं काम. धम्मानंदला मिनिट पुरेसं व्हायचं.

आता पुरत नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन, जवळपास वर्षभरानं तो परत आल्यापासून हा तिसरा सामना, आणि तिन्ही सामने पायऱ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभ्या होत्या. पायऱ्यांवर येणारी माणसं बहुतेक निवृत्त. ड्रायव्हर, पॉइंट्समन, एक पोस्टमास्तर, दोन गुरुजी. सगळ्यांचे मिळून धड म्हणावेत असे गुडघे मोजायला एका हाताची बोटं जास्त झाली असती. मधल्या सुट्टीत तरी बसावं, असं कुणीतरी दबक्या आवाजात सुचवलं होतं. पण सुट्टी ही सामन्यातच धरतात, असा निकाल पडला. त्यामुळे मधल्या सुट्टीतही सगळे उभे, एकमेकांच्या खांद्यांना धरून, जणू गाडी यायची आहे आणि फलाट अजून कळलेला नाही.

बन्सीधर सर्वांत खालच्या पायरीवर मधोमध उभा असायचा. त्यानं मालगाडीवर गार्डाची नोकरी केली होती. गार्ड गाडीच्या शेपटाला असतो. शेवटच्या डब्याच्या छोट्या गॅलरीत उभं राहून त्यानं परळीकडचा, अकोल्याकडचा, नांदेडकडचा सगळा मुलूख पाहिला, पण गेल्यावर पाहिला; त्याच्या नजरेला जे पडायचं ते मागं पडत चाललेलं असायचं. कधी कधी गाडी मध्येच थांबायची. दोन्हीकडं ज्वारी, पुढं इंजिन इतकं लांब की त्याचा आवाजही येत नाही. कशासाठी थांबली हे गार्डाला कळत नाही. चाकांची कुरकुर विझली की एकदम शांतता पडायची, आणि त्या शांततेत ज्वारीच्या पानाला पान घासल्याचा आवाज, एखाद्या होल्याचं घुमणं, स्वतःच्या नाकातला श्वास. बन्सीधरला त्या थांबण्याचं फार वेड होतं. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी थांबल्याचा गार्डाला आनंद होतो हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर बरं दिसलं नसतं. निवृत्त झाल्यावर ते थांबणं संपलं. घरात घड्याळ, कुकरची शिट्टी, कमलबाई, सगळं आपापल्या वेळेवर चालू. आणि मग एका संध्याकाळी सहज मैदानाकडं गेला असता त्यानं धम्मानंदची उडी बघितली. बाकीचे खेळाडू वर जातात आणि खाली येतात. धम्मानंद वर गेला आणि तिथं काहीतरी काम निघाल्यासारखा थांबला. खरोखर थांबला. खालचे सगळे हात उगारून परत खाली आले, एकानं तर वर बघून तोंडही उघडलं, आणि हा वर, मनगट वाकवून, सावकाश, दिवा लावावा तसा चेंडू रिंगमध्ये ठेवतोय. बन्सीधरच्या कानातले आवाज विझले. स्टेशनवरची घोषणा, पोरांचा कालवा, सगळं. त्याला ज्वारीचं पान घासल्याचा आवाज आला. मैदानाच्या आसपास कुठंही ज्वारी नव्हती.

तेव्हापासून त्यानं एकही सामना चुकवला नाही. सराव बघायलाही जायचा. गुडघा गेला त्या दिवशीही तो तिथंच होता. कुणी धक्का दिला नाही, काही नाही. धम्मानंद नेहमीसारखा वर गेला, नेहमीसारखा थांबला, आणि उतरताना डावा पाय जमिनीला टेकला, पण गुडघ्यानं वेगळ्याच दिशेला जायचं ठरवलं. आवाज झाला तो ज्वारीचं वाळलेलं ताट मोडावं एवढाच. रुळावरून घसरलेले डबे बन्सीधरनं पाहिले होते, त्यांचे आवाज त्याच्या लक्षात नव्हते. हा आवाज मात्र त्याला कमलबाई भाजीची काडी मोडायची तेव्हाही ऐकू यायचा.

गंगाखेडविरुद्धचा सामना पूर्णेनं जिंकला. ही गोष्ट पायऱ्यांवर कुणी फारशी मनावर घेतली नाही. सामना संपल्यावर, म्हणजे नियमानं बसायला मोकळीक झाल्यावर, सगळे जण उसासे टाकत सिमेंटवर टेकले आणि भांडायला लागले. "लूपला टाकलंय त्याला," रामहरी गुरुजी म्हणाले. जंक्शनच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. लूप म्हणजे मुख्य रुळाच्या बाजूचा रूळ. मालगाडी तिथं उभी करायची आणि एक्सप्रेसला पुढं काढायचं. "ह्या कोच लिंबाजीनं लूपला टाकलंय, आन मेन लाईन त्या अमृतला दिलीय. उभा केलाय मधल्या रेषेवर, रिंगकडं पाठ करून. पाठ करून! देवळात जाऊन देवाकडं पाठ करतेत का कुणी?"

"गुरुजी, तिन्ही मॅच जिंकल्यात की आपण," राजेश्री म्हणाली. ती स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते. पायऱ्यांवरच्या धड गुडघ्यांपैकी दोन तिचे. "तिन्हीत निम्मे बास्केट त्यांच्याच पासवर झालेत. मी बघायलेय ना."

"जिंकायला काय, कुणीबी जिंकतं," गुरुजी म्हणाले. "आमी जिंकायला येतो का हितं? आमी बघायला येतो."

"मग अमृतला बघा. काय पळतो तो!"

"पळंल न्हाई तर काय. चारठाण्याच्या माळावर मेंढरामागं पळून पळून आलंय ते."

"म्हणूनच कुणाला सापडत न्हाई," राजेश्री म्हणाली. तेवढ्यात स्टेशनवरून घोषणा सुरू झाली. गाडी क्रमांक, मग हिंदीत, मग इंग्रजीत, मग तेलुगूत. पायऱ्यांवरचे सगळे सवयीनं गप्प बसले. कुणालाच कुठं जायचं नव्हतं, पण घोषणा मध्येच तोडून बोलणं तिथं उद्धटपणाचं समजतात. घोषणा संपली तशी गुरुजींनी वाक्य जिथं सोडलं होतं तिथंच धरलं. "एकतर त्याला खेळू द्या, न्हाईतर सन्मानानं घरी बसू द्या. हे अर्धं अर्धं काय? वाघाला दाराशी बांधून घंटा वाजवायला लावल्यावानी." मग बन्सीधरकडं वळून, "तुमी कामून गप हाव? तुमी तर अर्धा जन्म लूपमधी काढलाव."

बन्सीधर म्हणाला, "लूपमधी चहा चांगला मिळायचा." लोक हसले. त्याला मात्र ते वाक्य आपण का बोललो हे कळलं नाही. अर्धं खरं होतं. लूपमध्ये उभं असताना शेजारून एक्सप्रेस गेली की आपला डबा हलतो, आणि क्षणभर वाटतं की ती उभी आहे आणि आपणच निघालो. ते किती वेळा वाटलं असेल. पण धम्मानंदच्या बाबतीत त्याला असं काही वाटायला नको होतं. धम्मानंद वर जायला हवा होता. मोकळ्या रिंगसमोर त्यानं चेंडू दिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं? बन्सीधरनं आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. माणूस दुकानात सुटे पैसे देतो तेवढ्या सहजपणे त्यानं तो दिला होता, आणि तीच गोष्ट रात्रीच्या भाकरीबरोबरही बन्सीधरच्या घशाखाली उतरली नाही.

"मॅच तुमी खेळून आलाव का?" कमलबाईनं विचारलं. ती त्याच्या गुडघ्याला तेल लावत होती.

"उभा होतो."

"एवढा येळ?"

"बोहनी झाली न्हाई."

"न्हाई झाली तर दुकान बंद करून यावं माणसानं," कमलबाई म्हणाली आणि गुडघा जरा जास्तच जोरात दाबला.

शनिवारी सुकेशनी घरी आली. सुकेशनी म्हणजे धम्मानंदची बायको, कन्याशाळेत शिकवते, लग्नाआधी कॉलनीच्या मुलींच्या संघातून खेळलेली. त्यामुळे तिच्या उभं राहण्यात अजून एक तयारी असते, कुठूनही काहीही अंगावर आलं तर झेलता यावं अशी. चहा घेतला. कमलबाईच्या तब्येतीची चौकशी झाली. मग तिनं कप खाली ठेवला. "काका, उद्या फायनल हाय परभणीशी."

"हाय की."

"उद्या हे उडी मारणार हायेत."

बन्सीधरच्या छातीत आनंदानं काहीतरी उसळलं. ते त्यानं लगेच दाबलं, पण ते उसळलं हे त्याला कळलं, आणि सुकेशनीलाही कळलं असावं, कारण तिनं नजर काढली नाही. "डॉक्टरनी काय सांगितलंय तुमाला माहीत हाय का? चालणं, जिना, सायकल, सगळं जमंल म्हणले. उडी मारून त्या पायावर उतरले तर पुन्हा जोडता येणार न्हाई. काठी. आन यांचं काम काय हाय? रुळाच्या कडंनं दिवसभर चालायचं, सिग्नल बघत. चालायचीच नोकरी हाय काका ती."

"मग लिंबाजी कामून सांगायलाय त्याला उडी मार म्हणून?"

"लिंबाजीमामा कशाला सांगतेत. त्यांनीच तर उभं राहून खेळायचं शिकवलंय. तुमच्यापाई मारणार हायेत."

"आमी काय केलं?"

"उभे राहायलाव ना तुमी सगळे." सुकेशनीचा आवाज चढला नाही, उलट एक पट्टी खाली आला. "काल जेवताना म्हणले, ती म्हातारी माणसं माझ्यासाठी घंटाभर उभी राहायलीत. बन्सीधरकाका ह्या पायावरून त्या पायावर व्हायलेत, मला तिथून दिसतंय. गुरुजींनी खांब धरलेला असतोय. त्यांच्या गुडघ्यांकडं बघून मला खेळताच येत न्हाई. एकदा मारतो उडी, बसतील बिचारे. असं म्हणले. मी म्हणलं, अहो त्यांचे गुडघे गेलेलेच हायेत, तुमचा कशाला घालवायलाव. तर हसले नुसते."

आतून कमलबाई म्हणाली, "मग बसा की हो! बसायला काय मुहूर्त लागतो?"

"तसं बसता येत न्हाई," बन्सीधर म्हणाला. बोलल्यावर त्याला ते फार मोठ्या तत्त्वासारखं वाटलं, आणि लगेच फार येड्यासारखं वाटलं.

"तुमी बसलाव तर बाकीचे बसतील काका. सगळे तुमच्याकडं बघून उभे राहतेत," सुकेशनी म्हणाली आणि उठली. दारात तिनं चपला घातल्या आणि गेली.

रविवारी दुपारी बन्सीधर लवकर निघाला आणि स्टेशनच्या पुलावरून लांबच्या वाटेनं गेला. पुलाखाली एक रिकामी मालगाडी उभी होती. कठड्याला रेलून त्यानं तिच्याकडं पाहिलं. डबे मोजायची जुनी सवय, पण आज आकडे हातातून सुटत होते. त्याला काय हवं होतं हे त्याला स्वच्छ माहीत होतं, आणि तीच अडचण होती. त्याला ती उडी बघायची होती. एकदा. फक्त एकदा. वर जाणं, थांबणं, आवाज विझणं. त्याच्या बदल्यात दुसऱ्याचा पाय जाणार होता, आणि हे कळूनही ते हवंसं वाटणं थांबत नव्हतं. हा हिशेब त्यानं पुलावर उभ्या उभ्या तीन-चारदा मांडून पाहिला आणि प्रत्येक वेळी त्याच्या बाजूला काहीतरी उरतच होतं. तसा तो वाईट माणूस नव्हता. चतुर्थी करत होता, भाजीवालीशी घासाघीस करत नव्हता. आणि हा असा भला माणूस एका सिग्नलवाल्याच्या गुडघ्याकडं, ताटातल्या शेवटच्या जिलबीकडं बघावं तसा बघत होता. तो कठड्यापासून दूर झाला. बसायचं. पण बसलो की संपलं. बसणं म्हणजे आपल्या तोंडानं सांगणं की तू आता वर जाणार नाहीस. इतके दिवस पायरीवर आपण सगळे उभे होतो ते दुसरं काय म्हणून? कुणी गेल्यावर त्याची खाट काही दिवस तशीच ठेवतात, तसं.

मैदान भरलेलं होतं. परभणीची पोरं उंच, नव्या बुटांची. रामहरी गुरुजींनी आपला खांब आधीच धरून ठेवला होता. खेळ सुरू झाला. सगळे उभे. धम्मानंद रिंगकडं पाठ करून रेषेवर उभा राहिला, डाव्या गुडघ्यावर काळा पट्टा. पहिला बास्केट परभणीनं टाकला. मग धम्मानंदनं एक पास दिला आणि अमृतनं टाकला. मग परभणी. मग एकदा चेंडू बाहेर गेला, आणि तेवढ्या उसंतीत धम्मानंदनं पायऱ्यांकडं पाहिलं. तोंडाकडं नाही. खाली. ओळीनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तपासणीला आलेल्या माणसानं रुळाकडं बघावं तसं. मग तो वाकला, पट्टा घट्ट केला, आणि रेषा सोडून रिंगखाली सरकला. बाकावरून लिंबाजी ओरडला, "धम्मा! रेषंवर!" धम्मानंदनं ऐकलं नाही. त्यानं हात वर करून चेंडू मागितला. बन्सीधरच्या मागं कुणीतरी आनंदानं म्हणालं, "आता बघा."

बन्सीधर बसला.

सिमेंट थंड होतं. एवढं तरी त्याला कळलं. मग त्याच्यावर आभाळ कोसळलं, म्हणजे चहूबाजूंनी माणसं कोसळली. "बन्सीधर पडला! पाणी! पाणी आणा!" रामहरी गुरुजी खांब सोडून ओरडत होते. कुणी त्याचा मफलर ओढून काढला, कुणी बूट काढले, पोस्टमास्तरांनी स्वतःच्या खिशातली गोळी त्याच्या जिभेखाली सरकवायला सुरुवात केली. "छातीत दुखायलंय का? डाव्या हाताला मुंग्या यायल्यात का?"

"अरे काई न्हाई झालं," बन्सीधर गोळी थुंकत म्हणाला. "बसलोय मी."

"बसलोय म्हणतंय!" गुरुजी हादरून म्हणाले. "भ्रम झालाय त्याला. रिक्षा बोलवा!"

पंचानं शिट्टी वाजवली. खेळ थांबला. माणसांची भिंत दुभंगली आणि तिच्यातून धम्मानंद आला. चालत आला. गुडघ्यावर बसता येत नव्हतं म्हणून कमरेत वाकला, आणि बन्सीधरच्या डोळ्यांसमोर बरोबर त्याचा डावा गुडघा आला. पट्ट्याच्या वर आणि खाली ऑपरेशनची खूण निघाली होती. सरळ रेघ, आणि तिला आडवे टाके, रुळाखाली स्लीपर टाकल्यासारखे. इतक्या जवळून बन्सीधरनं तो कधी बघितला नव्हता. त्यानं बघितली होती ती नेहमी उडी.

"काका, काय व्हायलंय तुमाला?"

"काई न्हाई रे. बसलोय."

"बोहनी व्हायचीय अजून," धम्मानंद हळूच म्हणाला. त्याचा श्वास फुललेला होता.

"ऱ्हाऊ दे ती. मला आज बसून बघायचंय. तू रेषंवर जा."

धम्मानंदनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ओझं खाली ठेवल्यावर हमालाच्या मानेतून उतरतं तसं, आणि त्यानं बन्सीधरच्या खांद्यावर हात टेकून स्वतःला सरळ केलं. म्हणजे आधार बन्सीधरचा होता. हे बन्सीधरला नंतर कळलं. धम्मानंद परत गेला आणि रेषेवर, रिंगकडं पाठ करून उभा राहिला.

"मी न्हाई बसणार," रामहरी गुरुजी म्हणाले.

"नका बसू. फकस्त पुढून सरका, मला दिसत न्हाई."

राजेश्री बसली. पोस्टमास्तर बसले, कण्हत. मग एकेक ओळ, गाडीचे ब्रेक डब्यामागून डब्याला लागत जावेत तशी. शेवटी गुरुजी खाली वाकले. "बसत न्हाई," ते म्हणाले, "टेकतोय."

आणि बसल्यावर बन्सीधरला पहिल्यांदा खेळ दिसला. उभ्या माणसाची नजर वर असते, रिंगकडं, हातांकडं. बसलेल्याची नजर समोर जाते. त्याला पाय दिसले. नऊ जणांचे पाय धावत होते, घसरत होते, उड्या मारून आदळत होते. मधोमध दोन बूट जमिनीवर टेकलेले. ते हलत नव्हते असं नाही. डावा टेकलेला, उजवा त्याच्याभोवती थोडा थोडा फिरायचा, जात्याच्या खुंट्याभोवती वरचा दगड फिरावा तसा. आणि त्या फिरण्याबरोबर सगळं मैदान फिरत होतं. धम्मानंदच्या हातात चेंडू आला की तो काहीच करायचा नाही. एवढं भरलेलं काहीच न करणं बन्सीधरनं जन्मात पाहिलं नव्हतं. तो फक्त चेंडू एका बाजूला धरायचा, आणि परभणीची दोन उंच पोरं तिकडं खेचली जायची. मान किंचित वळवायचा, आणि तिसरा जायचा. मग चेंडू त्याच्या पाठीमागून, काखेतून, कधी नुसत्या बोटांच्या टोकावरून निघायचा आणि जिथं कुणीच नाही तिथं जायचा. बन्सीधरच्या तोंडातून दरवेळी "अरे" निघायचं. आणि त्या कुणीच नसलेल्या जागी अमृत उगवायचा. अमृतलाही माहीत नसायचं, त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसायचं. चेंडू हातात आल्यावर त्याला कळायचं की आपण इथंच यायला निघालो होतो. हा माणूस माणसं जिथं आहेत तिथं बघतच नव्हता. ती जिथं असणार होती, तिथं बघत होता. गार्डाच्या डब्यातून गेलेलं बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या अंगावर काटा आला. कानातले आवाज विझू लागले. घोषणा चालू होती, तिचे ओठ हलल्यासारखे वाटत होते, शब्द येत नव्हते.

"हे," रामहरी गुरुजी बऱ्याच वेळानं म्हणाले. पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. निकालही सुचला नाही.

शेवटी शेवटी परभणी एका गुणानं पुढं होती. चेंडू धम्मानंदकडं आला आणि तो पहिल्यांदाच रिंगकडं तोंड करून वळला. समोर दोघे, त्यांच्यामध्ये मोकळी वाट, वाटेच्या टोकाला रिंग. पायऱ्यांवरचा एकूण एक माणूस ताडकन उठला, गुरुजीसुद्धा, राजेश्रीसुद्धा. रीत म्हणून कुणी उठलं नाही, आपोआप उठले. बन्सीधरचे गुडघेही उठायला निघाले. त्यानं ते दोन्ही हातांनी धरले. मग समोर फक्त लोकांच्या पाठी उरल्या, धोतरं, पँटी, साडीचा काठ, आणि त्यांच्या मधल्या एका फटीतून मैदानाचा वीतभर तुकडा. त्या तुकड्यात धम्मानंदचे बूट होते. समोर परभणीच्या पोरांचे चार नवे बूट. धम्मानंदचा खांदा वर गेला असावा, कारण त्याच्या टाचा जरा उचलल्या. बन्सीधरनं श्वास धरला. ते चार नवे बूट जमिनीवरून सुटले आणि वर निघून गेले, फटीच्या बाहेर, जिथं ती उडी असायची तिथं. टाचा परत खाली टेकल्या. दोन्ही. सावकाश.

वर कुठंतरी जाळी वाजली, मागोमाग शेवटची शिट्टी. पायऱ्या फुटल्यासारखा आवाज झाला. गुरुजी कुणाच्यातरी गळ्यात पडून रडत होते आणि विचारत होते, "कुणी टाकला? कुणी टाकला रे?" बन्सीधरला ते माहीत नव्हतं. तो अजून त्या फटीतच बघत होता. ते बूट वळले होते आणि मैदानाबाहेर निघाले होते, कामावरून घराकडं निघालेल्या कुठल्याही माणसाचे असावेत तसे. डावा टेकला. मग उजवा. मग परत डावा.